घराच्या वाटणीविषयी

फोंडा, गोवा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

बाबांच्या पश्चात घर, कुळागर (पोफळींची बाग) आणि ठेवी यांचे आपल्या तिघांत तीन सारखे हिस्से कधी करायचे, असे तू फोनवर विचारलेस. पुण्यात तुझ्या मित्राच्या घरी तशी वाटणी झाली ती योग्यच आहे, कारण तिथे 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो आणि पत्नी, मुलगा व मुलगी सारखेच वारस ठरतात. आपल्याला तो कायदा लागू नाही. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक तरतुदी गोवामुक्तीनंतरही इथे चालू राहिल्या आणि वारसाहक्काचे नियम आता गोवा विधानसभेच्या 2012 च्या कायद्यात आहेत.

लग्नाआधी आम्ही वेगळा करार केला नव्हता, त्यामुळे लग्नाच्या दिवसापासून आमची मालमत्ता सामाईक झाली. तुझ्या आजोबांकडून बाबांना मिळालेले कुळागरसुद्धा त्यात आले. म्हणजे त्यातला अर्धा भाग मला बाबांच्या मृत्यूमुळे मिळालेला नाही; तो त्यांच्या हयातीतही माझाच होता. वाटणी होते ती फक्त त्यांच्या अर्ध्याची, आणि तो तू व ताई यांच्यात समसमान जातो. कर्जे फेडून सगळे मिळून 80 लाखांचे भरले, तर 40 लाख माझे, 20 तुझे आणि 20 तिचे. हाच नियम माझ्यावरही उलटून लागतो, हे तुला ठाऊक असावे म्हणून लिहिते: शाळेतल्या नोकरीच्या पगारातून मी माझ्या एकटीच्या नावावर ठेवलेली ठेवही सामाईकच आहे, तेव्हा तिचीही नोंद यादीत होईल आणि तिच्यातला बाबांचा अर्धा भाग तुम्हा दोघांना मिळेल. बाबांच्या ठेवीवर नामनिर्देशन तुझे आहे, पण त्याने ती रक्कम तुझी एकट्याची होत नाही.

बाबांनी मृत्युपत्र केले नाही. केले असते तरी स्वतःच्या अर्ध्यातल्या निम्म्याचीच व्यवस्था त्यांना मनाप्रमाणे लावता आली असती. उरलेला निम्मा कायद्याने मुलांसाठी राखीव असतो. आपल्या पुण्यातल्या सदनिकेलाही हेच नियम लागतील, कारण गोव्याचे अधिवासी असलेल्यांच्या राज्याबाहेरील मालमत्तेबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तसा निकाल दिला आहे.

ताईच्या लग्नात पुष्कळ खर्च झाला, तेव्हा तिने हक्कसोड लिहून द्यावी, असे तुझ्या काकांचे मत आहे. मला ते मुळीच मान्य नाही. तो खर्च आम्ही दोघांनी आनंदाने केला. तिच्या हिश्शाची किंमत म्हणून केला नव्हता. मुलीला मुलाइतका वाटा देणारा कायदा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या असताना घरच्यांनीच गोड बोलून तिच्याकडून सही घ्यावी, याचे मला फार वाईट वाटते. उद्या तिने स्वतःहून विषय काढला, तरी तू तिला घाई करू नकोस.

काम इन्व्हेंटरीनेच, म्हणजे न्यायालयामार्फत यादी करून होणाऱ्या वाटणीनेच करावे, असे मी ठरवले आहे. हयात जोडीदार म्हणून मालमत्तेची यादी न्यायालयात मला द्यावी लागेल. कुळागराचे तुकडे पाडले तर पाटाचे पाणी आणि पोफळींची निगा दोन्ही बिघडतील, म्हणून ते एकाच्याच वाट्याला जावे असे वाटते. त्यावर तुमचे एकमत झाले नाही, तर वारसांमध्येच बोली लागते. जास्त बोलणारा जमीन घेतो आणि इतरांना त्यांच्या हिश्शाचे पैसे देतो. ती वेळ येण्याआधी तुम्ही भावंडे मोकळेपणाने बोलून घ्या.

तुमच्या लग्नाची नोंद इथलीच आहे आणि तुम्हीही विवाहपूर्व करार केलेला नाही, त्यामुळे तुझ्या वाट्यात सूनबाईचाही अर्धा हक्क राहील आणि कागदपत्रांत तिचे नाव लागेल, जावईबापूंचेही तसेच. हे पत्र सूनबाईलाही वाचायला दे. तुमच्या विवाहनोंदणीचा दाखला, तुझा जन्मदाखला आणि सदनिकेच्या करारनाम्याची प्रत या आठवड्यात पाठव. जमिनीच्या नोंदीचे, म्हणजे फॉर्म 1 व 14 चे, उतारे मी इथे काढून घेते.

तुझी,
आई