आईच्या कबरीत पाणी होतं, मंत्रिसाहेब

माननीय मंत्री महोदय, सलाम.

गेल्या महिन्यात आईला मूठमाती दिली. खड्डा सकाळी खणला होता. अकराला पेटी नेली तोवर शेजारच्या गटाराचं पाणी झिरपून तो गुडघाभर भरला होता. माझा भाऊ बादलीनं उपसत होता आणि पाळकसाहेब शास्त्रपाठ थांबवून काठावर उभे होते. चिखल शेवटपर्यंत निघाला नाही. पेटी टेकताना जो आवाज झाला, तो रात्री अजून ऐकू येतो.

निवडणुकीआधी याच दफनभूमीच्या फाटकात तुम्ही भिंतीचं आणि गटार वळवण्याचं वचन दिलंत. तुम्हाला बसायला खुर्ची आईनंच आणली होती.

आता उत्तर मिळतं, की जागेचा पुरावा आणा. मालमत्ता पत्रकावर "मोकळी जागा" लिहिलंय. मोकळी? माझी चार पिढ्यांची माणसं तिथं निजली आहेत, साहेब!

पुरावा ऐका. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले १८५२ साली. अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मंडळानं ते मिशन १८७० मध्ये हाती घेतलं. त्याच कामातून आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, उभी राहिली. मिरजेत त्याच मिशनच्या डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं. आमच्या घरातली निम्मी बाळंतपणं तिथलीच. महाराष्ट्र राज्य तर १९६० चं. तरी आम्ही परके?

प्रेसबिटेरियन म्हणजे "वडिलांच्या", म्हणजे निवडलेल्या ज्येष्ठांच्या, कारभाराची मंडळी. सभासद मत देऊन वडील निवडतात, वडिलांची सभा ठराव करते, आणि ठराव लिहून ठेवावाच लागतो. १९७० मध्ये नागपुरात अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, बाहेरची पाटी बदलली, पण दप्तर तेच राहिलं. वाळवीनं कडा खाल्लेल्या त्या रजिस्टरात माझ्या पणजीची नोंद आहे: "वय अंदाजे ७. दुष्काळ. आईबाप नाहीत." पुढे तिच्याच पुरण्याची नोंद, ओळ आणि जागेसकट. एवढं चोख लिहिणाऱ्यांना तुमचा कारकून म्हणतो, कागद नाहीत. त्यानं रजिस्टर उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

अकरा वेळा गेले मी. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. दर वेळी साहेब मीटिंगला.

आणि हे एका कचेरीपुरतं नाहीच. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातींच्या यादीतून आमच्या दलित ख्रिस्ती भावंडांना बाहेर ठेवलं. शिखांना १९५६ मध्ये घेतलं, बौद्धांना १९९० मध्ये. आमच्यासाठी दार आजही बंद. धर्म बदलला म्हणून गावानं वेशीबाहेरचं घर बदलून दिलं होतं का? जिवंतपणी सवलत नाही, मेल्यावर कोरडी माती नाही. मतदार यादीत मात्र आमचं एकही नाव गळत नाही.

मला तुमचं सांत्वन नको. गटार वळवा, भिंत बांधा, पत्रकावर "ख्रिस्ती दफनभूमी" लिहा. बुधवारी मी रजिस्टर घेऊन तुमच्या दालनाबाहेर बसणार आहे. पणजीचं पान मी उघडून दाखवीन. आईचं नाव त्यात शेवटचं आहे, आणि त्याखालची ओळ भरायच्या आत पाऊस येईल.