हक्कसोडपत्रावर सही घेण्याआधी

संपादक महोदय,
वाटणीत जो गप्प बसतो त्याचाच हिस्सा आधी जातो, विधवा सून, गतिमंद भाऊ, नाहीतर लग्न झालेली बहीण जिला रजिस्ट्रेशनला नेऊन "फक्त सही कर गं" म्हणतात आणि कागद वाचायलाही देत नाहीत. हिंदू वारसा कायद्यात २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आजार किंवा अपंगत्वामुळे वारसा जात नाही हे तर १९५६ पासूनच आहे, पण हक्कसोडपत्र रजिस्टर झालं की मग बसा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत. अशा वारसाला स्वतःचा वकील मिळावा (भावाने आणलेला नव्हे!) आणि सब-रजिस्ट्रारने त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारावं. गतिमंद भावाच्या वतीने सही करणारा तोच, त्याचा हिस्सा घेणाराही तोच, हे चालतंच कसं?
- एक वाचक