मोगलीच्या चित्रपटातली भीती: मित्रास पत्र

नागपूर

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. शाळेच्या उन्हाळी शिबिरात मुलांना २०१६ सालचा ‘द जंगल बुक’ दाखवायचे तू ठरवलेस आणि पालकांच्या बैठकीत त्यावरून दोन तट पडले, याचे मला मुळीच नवल वाटले नाही. ८ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या एक आठवडा आधी, तो आपल्याकडे प्रदर्शित झाला तेव्हाही हेच घडले होते. सेन्सॉर मंडळाने त्याला ‘यूए’ प्रमाणपत्र दिले, म्हणजे बारा वर्षांखालील मुलांना तो पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवावा, आणि त्याचे कारण सांगितले ते त्रिमितीत अंगावर येणाऱ्या प्राण्यांचे. मोगलीच्या गोष्टीत मुलांनी घाबरण्यासारखे काय असणार, म्हणून तेव्हा पुष्कळांनी मंडळाची थट्टा केली. मला मात्र ती थट्टा आजही पटत नाही. चित्रपट खरोखरच भीतिदायक आहे आणि त्याचे मोल त्या भीतीतच आहे, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या घरात यावर एकमत नाही. वहिनींना तो लहान मुलांसाठी फार कठोर वाटतो. गवतातून अचानक झेपावणारा शेरखान आणि काहीही चाहूल न देता त्याने लांडग्यांच्या म्होरक्या अकेलाला कड्यावरून भिरकावून देणे, ही दृश्ये त्यांना नको होती. मला विचारशील तर याहून भयंकर प्रसंग निराळाच आहे, आणि त्यात एकही पंजा उगारला जात नाही. लांडग्यांची पिल्ले शेरखानच्या अवतीभवती खेळत आहेत आणि तो त्यांना अगदी मायेच्या सुरात कोकिळेची गोष्ट सांगतो आहे, दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालणाऱ्या पाखराची. थोडी दूर उभी राहून रक्षा, मोगलीला वाढवणारी लांडगीण, ऐकते आहे. परक्याच्या पोराला जीव लावलास, त्याची किंमत तुझी पोरे देतील, हे तिला कळते, पिल्लांना कळत नाही. माझा पुतण्या या प्रसंगी आईला अधिकच बिलगला होता, पण डोळे मिटून नव्हे, टक लावून पाहत. गोड बोलणारा क्रूर असू शकतो ही जाण त्या वयाच्या मुलाला इतक्या नेमकेपणाने देणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. हिंदी आवृत्तीत शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज आहे, त्यामुळे तर हे बोलणे फार जवळून ऐकल्यासारखे वाटते.

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी मोगली पाहत वाढलेली आपली पिढी वेगळीच तक्रार करते. त्यांना त्या मालिकेचा मोकळा खेळकरपणा आणि गुलजारांच्या शब्दांतले शीर्षकगीत हवे असते. हिंदी आवृत्तीच्या प्रसिद्धीसाठी ते गीत नव्याने ध्वनिमुद्रितही करण्यात आले, यावरूनच त्या आठवणीचा जोर लक्षात येईल. ही ओढ मी समजू शकतो. पण या चित्रपटात गाणे जिथे पुढे येते तिथेच तो ढिला पडतो असे मला वाटते. उद्ध्वस्त मंदिराच्या काळोखात वानरांचा राजा किंग लुई याचे ते अवाढव्य रूप हळूहळू दिसू लागते, छातीत धडकी भरते, आणि तो चक्क गाऊ लागतो! १९६७ च्या व्यंगपटाला मान देण्याची दिग्दर्शक जॉन फॅवरो यांची इच्छा मान्य केली तरी त्या गाण्याने सगळा ताण विस्कटतो. ज्या प्रेक्षकांना ते खटकले, त्यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

तांत्रिक करामतीबद्दल फारसे लिहीत नाही, कारण तिची स्तुती सर्वांनी केली आहे आणि दृश्यपरिणामांचे ऑस्करही तिला मिळाले. एवढेच सांगतो की सबंध चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झाले आणि नील सेठी या भारतीय वंशाच्या न्यूयॉर्ककर मुलाने निळे पडदे व हातांनी चालवायच्या बाहुल्या यांच्यासमोर काम केले. समोर वाघ नसताना त्याच्या डोळ्यांत वाघाची भीती दिसते. ‘मुलगा कच्चा आहे’ असे म्हणणारे प्रेक्षक मला अनेकदा भेटले, आणि दर वेळी त्यांना हेच सांगावेसे वाटले.

आता आमच्या बाजूचे एक मत ऐक, जे तुला पुण्यात ऐकायला मिळणार नाही. पेंचच्या जंगलातील एका ओळखीच्या गाईडने हा चित्रपट पाहिला होता. गोष्ट सिवनीच्या रानातली, आणि सिवनी इथून हमरस्त्याने काही तासांवर. “हे जंगल आमचे नाही,” असे तो म्हणाला. आमच्याकडे उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, रान लांबवर उघडे पडते. पडद्यावर मात्र ओलेगच्च, वेलींनी गुंफलेले वर्षावन आहे. लांडगाही दाट जंगलापेक्षा माळरानाचा प्राणी. ओरांगउटान भारतात नसतो म्हणून ज्यांनी किंग लुईला नामशेष झालेल्या महाकाय वानराचे रूप दिले, त्यांनी सागाकडेही थोडे पाहायला हवे होते, हे माझे स्वतःचे म्हणणे. अर्थात मूळ पुस्तक लिहिणाऱ्या किपलिंगनेही सिवनी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. इतरांच्या वर्णनांवर त्याने ते उभे केले.

पण त्याच गाईडला पाणवठ्याचा प्रसंग मनापासून आवडला. दुष्काळात नदी आटते, शांतिशिळा उघडी पडते आणि पाणी पिताना कोणी कोणाची शिकार करायची नाही असा करार लागू होतो. बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेसाठी जो मचाणावर बसला आहे, त्याला ठाऊक असते की असा करार रानात नसतो. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला की क्षणात पाणवठा रिकामा होतो. तरीही तो म्हणाला, तहान भीतीपेक्षा मोठी होते ते यात बरोबर दाखवले आहे, कारण वाघ जवळपास आहे हे कळूनही जनावर पुन्हा पाण्याकडे येतेच.

शेवटाबद्दल तू विचारलेस. मोगली माणसांत न जाता जंगलातच राहतो, हे अनेकांना सुखद वाटले. मला तो शेवट सोपा वाटतो. पुस्तकातल्या मोगलीला लांडगेही हाकलतात आणि गावही हाकलते, आणि त्या दुहेरी परकेपणाचा सल इथे पुसला गेला आहे. मात्र त्याआधीचा क्षण मला फार मोलाचा वाटतो. ज्या माणसाच्या युक्त्यांबद्दल बघीरा हा काळा बिबट्या त्याला सतत दटावत आला, त्याच युक्त्यांनी लढ असे तो अखेर सांगतो, पण त्याआधीच मुलाने हातातली मशाल पाण्यात टाकून दिलेली असते. भीती दाखवून जिंकण्याचे साधन हाती असताना ते सोडून देण्याचा हा निर्णय, आधीची सगळी भीती मुलांनी खरोखर अनुभवली असेल तरच त्यांना कळेल. ती दृश्ये गाळून चित्रपट दाखवा, या सूचनेला म्हणूनच माझा विरोध आहे.

तेव्हा तू तो अवश्य दाखव, हिंदीतून आणि न कापता. पहिली-दुसरीच्या मुलांना स्वतंत्र बसवू नकोस; त्यांच्या पालकांना बोलाव आणि मुलांना त्यांच्याशेजारी बसू दे. दिवे पूर्ण मालवण्याची गरज नाही. चित्रपट संपल्यावर प्रश्नोत्तरांचा तास मात्र घेऊ नकोस, मुलांना आपसात बोलू दे. पिल्लांच्या त्या प्रसंगी कोण काय म्हणाले ते मला सविस्तर कळव, आणि विरोध करणाऱ्या पालकांपैकी कोणाचे मत पालटले नाही तर त्यांची कारणेही लिही, कारण आमच्या घरच्या वहिनींशी माझा वाद अजून मिटलेला नाही.

सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश