दिगंबर, बाळूबद्दल थोडं

सेलू, १४ एप्रिल

प्रिय दिगंबर,
स. न. वि. वि.

दिवाळीपासून तुला पत्र नाही. फोनवरही 'हो, बरंय' म्हणून मी तुला वाटेला लावलं, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. माझी शुगर ठीक आहे, हिचे गुडघे आहेत तसेच. तुझं मोतीबिंदूचं झालं असेल तर हे पत्र स्वतः वाच, सूनबाईकडून वाचून घेऊ नकोस.

नातीच्या, ओवीच्या फिटांच्या आजाराला नाव मिळालं. ड्रॅव्हे सिंड्रोम. शार्लट ड्रॅव्हे नावाच्या फ्रेंच डॉक्टरीणबाईंनी १९७८ साली तो वेगळा ओळखून मांडला. १९७८ म्हणजे तू आणि मी वीज मंडळात हेल्पर म्हणून सिमेंटचे खांब खांद्यावर वाहत होतो तेव्हा.

देवगिरीनं मुंबईला गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी आमची फाईल बाजूला सारली आणि आधी नुसतं विचारत बसले. पहिली फिट कितव्या महिन्यात? सहाव्या. ताप होता? होता, लस टोचल्याच्या रात्री. किती वेळ चालली? दवाखाना गाठेपर्यंत थांबली नव्हती. सगळं अंग की अर्धं? तेव्हा उजवं, पुढच्या वेळी डावं. गरम पाण्यानं अंघोळ घातली की येते का? आमची सूनबाई एकदम म्हणाली, "येते, पण माझं कुणी ऐकतच नव्हतं." मग डॉक्टर म्हणाले, रक्त तपासायला पाठवू, पण मला अंदाज आलाय. रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागले आणि अंदाज खरा निघाला. आपल्याकडे एमआरआय झाला होता, मेंदूची पट्टी काढली होती, दोन्ही नॉर्मल. या आजारात सुरुवातीला दोन्ही नॉर्मल येऊ शकतात म्हणे. आणि नॉर्मल रिपोर्ट हातात असला की माणसाला कोण खुळं वाटतं? त्या लेकराची आईच.

आता तुला समजेल अशा भाषेत सांगतो. मेंदूत चेतवणाऱ्या पेशी असतात तशा आवरणाऱ्याही असतात. एससीएन-वन-ए नावाचं एक जनुक आहे, त्यावरून पेशीतली सोडियमची दारं बनतात आणि त्या दारांतून पेशीचा करंट चालतो. ओवीच्या या जनुकात बिघाड आहे, त्याचा मार बसतो तो आवरणाऱ्या पेशींवर. म्हणजे लाईनवर लोड रोजचाच, पण फॉल्ट झाला तरी सबस्टेशनातला ब्रेकर पडत नाही. पुढं काय होतं ते तुला सांगायला नको. आणि पहिल्या डॉक्टरांनी दिलं होतं कार्बामाझेपिन, जे सोडियमची दारंच बंद करतं. पुष्कळ फिटवाल्यांना ते चांगलं लागू पडतं. हिच्यात उरलासुरला ब्रेकरही त्यानं अडकवून ठेवला. डोस वाढवला की फिटा वाढायच्या, फिटा वाढल्या की डोस वाढायचा. मुंबईच्यांनी ते हळूहळू बंद करवलं; आता व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम चालू आहे. फिटा थांबल्या नाहीत, पण पूर्वीसारख्या लांबत नाहीत. क्लोबाझामनं लाळ गळते आणि दिवसभर पेंग. अजून औषधं आहेत, स्टिरिपेंटॉल वगैरे, पण ती महाग. नाहीतर मग तो तुपातेलाचा आहार, सगळं ग्रॅमवर तोलून द्यायचं. साखर नाही, भाकरी नाही. ही ऐकून म्हणाली, "लेकराला भाकरीचा तुकडा द्यायचा नाही, मंग घरात ज्वारी ठेवायची कशाला?"

हिचं आणखी एक सांगतो. इतकी वर्षं हिचं एकच चाललं होतं, फेफरं सुनेच्या माहेरचं. त्यांच्याकडं कुणी मावसआजोबा होते म्हणे. तेवढ्यानं भागलं नाही तर लस, आणि लस टोचणारी ती बिचारी नर्स. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की लसीनं ताप आला, तापानं फिट आली, पण आजार आधीपासून आत होता. लस नसती तर पुढच्या सर्दीतापात निघाला असता. आणि संतोषचं, सूनबाईचं दोघांचंही रक्त तपासलं तर हा बिघाड दोघांतही नाही. ओवीत तो नव्यानंच झालेला. बहुतेक लेकरांत असंच असतं म्हणे. दुसऱ्या लेकरात यायची शक्यता थोडी, पण अगदी शून्य नाही, म्हणून पुढच्या वेळी आधी येऊन भेटा म्हणाले. ही परतीच्या गाडीत जालन्यापर्यंत गप्प. घरी आल्यावर सुनेला स्वतः चहा करून दिला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. सूनबाई तो कप हातात धरून नुसती बघत राहिली, मला वाटलं ती कपात काही घातलंय की काय ते तपासतेय.

ओवी पहिल्या वर्षी अगदी वेळेवर होती. बसली वेळेवर, रांगली वेळेवर, 'आबा' तर आईच्या आधी म्हणाली, यावरून घरात भांडण झालेलं तुला मी सांगितलं होतं. मग दीड-दोन वर्षांनंतर गाडी रेंगाळली. आता चार पूर्ण झालीत, चालते ती झोकांड्या खात, आणि शब्द मोजकेच. मला वाटायचं फिटा थांबल्या की सगळं भरून निघेल. डॉक्टर म्हणाले, फिटांनी नुकसान होतं ते खरंच, पण जनुकाचा स्वतःचाही त्यात हात आहे. म्हणून फिटा थांबायची वाट न बघता बोलायची-चालायची थेरपी चालू ठेवायची. परभणीला नेतो. अपंगत्वाचं कार्डही काढायला टाकलंय; २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हिचं बसतं. निरामय म्हणून विमा आहे, वर्षाला लाखभरापर्यंतचा, त्यासाठीही ते कार्ड लागतं.

सध्याची धास्ती उन्हाची. अंग तापलं की फिट, ताप नको नि काही नको. मे महिन्यात इथला पारा ४२-४३ला जातो ते तू पुण्यात बसून विसरला असशील. इन्व्हर्टर घेतला, कूलर त्यावर चालतो. परवा दुपारी लाईट गेली तेव्हा मी सबस्टेशनला फोन करून त्या पोराला असं काही बोललो की फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं. जन्मभर लोकांच्या लाईनी तोडल्या आणि तिकडून शिव्या खाल्ल्या आपण. पोरगं म्हणतंय, "काका, परमिट दिलंय, खांबावर माणूस आहे." यावर काय बोलणार? गप्प बसलो.

नाकात मारायचा स्प्रे दिलाय, मिडाझोलाम. फिट सुरू झाली की घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर वजनाच्या हिशेबानं स्प्रे आणि गाडी काढायची. अंगणवाडीच्या ताईंना शिकवलं. त्या शिकल्या, पण मदतनीस बाई म्हणाली, "आधी चप्पल हुंगवून बघावं."

चप्पल ऐकलं आणि मला दुधना नदीचा काठ आठवला. तुलाही आठवला असेल आता.

ज्यासाठी लिहायला बसलो ते आता सांगतो. डॉक्टरांनी मला आणि संतोषला आणखी एक गोष्ट सांगितली. सूनबाई तेव्हा ओवीला घेऊन व्हरांड्यात होती. अशा लेकरांत झोपेत अचानक जीव जायचा धोका असतो. त्याला ते सुडेप म्हणतात. बहुतेक रात्री, मोठ्या फिटनंतर, पुष्कळदा माणूस पालथं पडलेलं सापडतं. मी विचारलं, शेजारी कुणी झोपलेलं असलं तर? म्हणाले, लक्ष ठेवल्यानं धोका कमी होतो, तेव्हा ठेवाच, पण हमी नाही. शेजारच्याला काही कळतही नाही कधीकधी. मग मी विचारलं, डॉक्टरसाहेब, बारा-तेरा वर्षांचा मुलगा, हा आजार नाही, साधी फिट येते, त्याला होतं का असं? संतोष माझ्याकडं बघायला लागला. डॉक्टर म्हणाले, कमी होतं, पण होतं.

दिगंबर, बाळू गेला त्या सकाळी अण्णा तुला जे बोलले ते मी ओट्यावरून ऐकलं होतं. तू कधी विषय काढला नाहीस आणि मीही नाही. पण मंडळात सगळे रात्रपाळीला नाक मुरडायचे आणि तू मागून घ्यायचास, किल्लारीला १९९३ साली आपण तंबूत होतो तेव्हाही सगळे आडवे झाले तरी तू बाहेर कंदील घेऊन बसायचास, हे मी बघत होतो. तुझ्या कुशीत झोपलेला होता बाळू. तू जागा असतास तरी कळलं असतं असं नाही. हे मी म्हणत नाही, तुझ्याबद्दल काही ठाऊक नसलेला माणूस म्हणाला. तू हट्टी आहेस, डॉक्टरला काय कळतं म्हणशील. म्हण. पण त्यांचा शब्द तुझ्यापर्यंत पोचवायचा होता, आणि फोनवर मला ते जमेना.

हे मी हिला सांगितलेलं नाही. संतोषनं सूनबाईला सांगितलंय की नाही ठाऊक नाही. मी आता अंथरूण ओवीच्या पलंगाशी टाकतो. ती पालथी झाली की उताणी करतो, ती परत पालथी होते, मी परत करतो. आमची दोघांची रात्र अशी जाते. दुपारी झोप काढतो, त्यावरून ही मला आळशी म्हणते.

किल्लारीचं निघालंच आहे तर, ती पक्कड माझीच होती. पिवळ्या मुठीची. तू कितीही म्हण.

तुझ्या नातवाला दहावीत बरे मार्क पडोत. वाकडचा फ्लॅट ताब्यात मिळाला का? वहिनींना नमस्कार.

येणार असशील तर मे महिन्यात येऊ नकोस. कूलर एकच, तो ओवीच्या खोलीत, आणि तू घोरतोस. मृग लागल्यावर ये.

तुझा,
भास्कर