भाकीत छापता, तसा निकालही छापा

महोदय,

सध्या मोबाइलवर पुन्हा ग्रहयुतीचे संदेश फिरताहेत आणि आपल्या पुरवणीतही ज्योतिषांचे लेख येताहेत. म्हणून १९६२ च्या अष्टग्रहीत आमच्या येळ्ळूरच्या घरी काय झालं ते कळवते.

त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारीला सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत एकत्र येणार म्हणून देशभर होमहवनं चालली होती. केतू हा डोळ्यांना दिसणारा ग्रहच नव्हे, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो बिंदू. पण त्याला धरल्याशिवाय आठ भरत नाहीत. आदल्या जुलैत पानशेत फुटलेलं, डिसेंबरात गोव्याच्या कारवाईसाठी बेळगावात लष्कर जमलेलं. माणसं आधीच हबकलेली होती.

आमच्या शिवारात मसूर काढणीला आली होती. "जगच राहणार नाही, मग मसूर कुणासाठी काढायची?" असं म्हणून आबांनी गडी परत पाठवले. आज्जी म्हणाली, "बुडू दे की जग. खरं उपाशीपोटी कशाला बुडायचं?" आणि लेकीसुनांना घेऊन ती स्वतः मसूर उपटायला गेली. थोरल्या काकांनी वर्षाच्या बेगमीचं तूप बाहेर काढलं आणि पोळ्यांवर ओतून संपवलं. धाकट्या काकांनी अभ्यास सोडला. आबा कपिलेश्वराला अभिषेक करून आले आणि भूकंपाच्या भीतीनं सगळ्यांच्या वाकळा अंगणात घालायला लावल्या. आमच्याकडची त्या दिवसांतली पहाट किती गार असते ते इथल्या वाचकांना सांगायला नको. सहा तारखेला जग जागच्या जागी होतं आणि अख्खं घर शिंकत होतं. काकांची परीक्षा ठरल्या दिवशी झाली. उन्हाळाभर भाकरीवर तूप मिळालं नाही, आणि घरात मसुरीची आमटी शिजली ती आज्जीमुळे.

हे आठवलं की अजून हसू फुटतं. आत्याची गोष्ट मात्र तशी नाही. तिचं लग्न ठरलं होतं. निपाणीकडचे पाहुणे म्हणाले, "अष्टग्रही जाऊ दे, मग बघू." अष्टग्रही गेली, पाहुणे परत फिरकले नाहीत. म्हातारपणी ती सांगायची, "लोकांच्या लग्नात एखादी नणंद आडवी येते, माझ्या लग्नात आठ ग्रह आडवे आले!" ऐकणारे पोट धरून हसायचे, तीही हसायची. पण पुढं तिचं जुळवताना आज्जीला किती उंबरे झिजवावे लागले ते मी पाहिलंय.

आबांनी मात्र हार मानली नाही. आधी म्हणाले, होम झाले म्हणून टळलं. ऑक्टोबरात चीननं हल्ला केला तेव्हा म्हणाले, ग्रहांचं फळ उशिरा मिळतं. अमेरिकेत विल्यम मिलर या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या अनुयायांचंही असंच झालं होतं. २२ ऑक्टोबर १८४४ ला येशू परत येणार म्हणून त्यांच्यातल्या काहींनी शेतातले बटाटेही काढले नाहीत. तो दिवस कोरडा गेल्यावर काहींनी ठरवलं की तारीख बरोबरच होती, घटना स्वर्गात घडली. हे वाचलं तेव्हा मला आमचे आबाच दिसले.

खरा भूकंप आला तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेचा. आमच्या फळीवरची भांडी खाली आली. त्याची तारीख आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. सगळे छपराखाली गाढ झोपलो होतो.

संपादक महोदय, भविष्य छापू नका असं मी म्हणत नाही, लोक ते वाचतात. पण काय होणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे भाकीत करणाऱ्याकडून स्पष्ट लिहून घ्या. तारीख उलटली की त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरात काय झालं तेही छापा. आमच्या गल्लीत एका मुलीचा साखरपुडा याच युतीपायी पुढं ढकलायचं चाललंय. तिच्या आईला दाखवायला मला असं एक कात्रण हवं आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, येळ्ळूर (ता. बेळगाव)