‘व्याजमुक्त’ गृहकर्जाचे व्याज भरतो कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सणासुदीच्या तोंडावर आपल्या दैनिकाच्या वास्तुविषयक पुरवणीत ‘व्याजमुक्त गृहकर्ज’, ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ अशा ठळक अक्षरांतील जाहिराती हमखास दिसतात. नोकरीची बरीच वर्षे बँकेच्या कर्ज विभागात गेल्यामुळे मोठ्या अक्षरांखालची बारीक अक्षरे आधी वाचण्याची मला खोड आहे, आणि त्या बारीक अक्षरांतही जे येत नाही त्याबद्दल हे पत्र आहे.

ठेवीदारांना व्याज देणारी कोणतीही बँक किंवा गृहवित्त कंपनी वीस वर्षांसाठी बिनव्याजी पैसे देऊ शकत नाही. या योजनांत होते ते एवढेच की ठरावीक मुदतीपुरते व्याज ग्राहकाऐवजी विकासक भरतो. ग्राहक, विकासक आणि कर्ज देणारी संस्था यांच्यात त्रिपक्षीय करार होतो; ग्राहक किमतीच्या दहा-वीस टक्के रक्कम स्वतः भरतो आणि उरलेल्या रकमेचे कर्ज त्याच्या नावावर मंजूर होऊन विकासकाच्या खात्यात जाते. विकासकाचा यात तोटा नाही. बांधकामासाठी त्याने स्वतःच्या नावावर कर्ज काढले तर त्याला गृहकर्जापेक्षा बराच चढा दर पडतो. तोच पैसा ग्राहकाच्या पगारावर आणि सिबिल गुणांकावर (कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणाऱ्या पतीवर) स्वस्तात मिळत असेल, तर काही महिन्यांचे व्याज सोसणे त्याला परवडते. शिवाय जे सोसायचे, तेही तो बहुतेक वेळा किमतीतून वसूल करतो.

पुण्यातील एका परिचितांनी मला अशाच एका प्रकल्पाची कॉस्ट शीट, म्हणजे सदनिकेच्या किमतीचा तपशील, दाखवली. छापील कागदावर योजनेतील किंमत ८० लाख रुपये होती. ‘स्लॅबप्रमाणे (म्हणजे बांधकामाच्या टप्प्यांनुसार) पैसे भरले तर किती?’ असे विचारल्यावर विक्री प्रतिनिधीने त्याच कागदाच्या मागे पेनाने ७५ लाख असा आकडा लिहून दिला होता. सदनिका तीच, मजला तोच. या पाच लाखांच्या फरकावर ५ टक्के जीएसटी आणि पुणे महापालिका हद्दीतील ७ टक्के मुद्रांक शुल्क (महिलेच्या नावावर खरेदी असल्यास एक टक्का कमी) धरले, तर आणखी ६० हजार वाढतात. म्हणजे हप्ता सुरू होण्यापूर्वीच योजनेची किंमत ५ लाख ६० हजार झाली.

आता वाचलेले व्याज पाहू. साध्या पद्धतीने ६० लाखांचे कर्ज बांधकामाच्या टप्प्यांनुसार दोन वर्षांत उचलले, तर सरासरी निम्मी रक्कम वापरात राहते आणि साडेआठ टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज सुमारे ५ लाख १० हजार होते. तेवढे वाचवण्यासाठी ५ लाख ६० हजार मोजायचे, हे गणितच मुळात आतबट्ट्याचे आहे. त्यातही वाढीव पाच लाखांपैकी चार लाख कर्जातूनच येतात. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत या चार लाखांचे हप्ते ८ लाख ३३ हजारांवर जातात. स्वतःचे एक लाख आणि कराचे ६० हजार मिळवले की एकूण बोजा दहा लाखांच्या घरात पोहोचतो, फक्त तो वीस वर्षांत पसरल्यामुळे डोळ्यांत भरत नाही. घरभाडे आणि हप्ता एकाच वेळी भरणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी या योजनेतील सोय खरी आहे, हेही नमूद केले पाहिजे. पण सोय विकत घेताना तिचा भाव ग्राहकाला दिसावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

खर्चाहून मोठा आहे तो धोका. कर्ज ग्राहकाच्या नावावर असल्याने विकासकाने व्याज भरणे थांबवले की वसुलीची नोटीस ग्राहकाच्या दारात येते आणि सिबिल गुणांकही त्याचाच घसरतो. ‘ताबा मिळेपर्यंत’ असे मथळ्यात असले तरी करारात अनेकदा २४ किंवा ३० महिने अशी ठाम मुदत लिहिलेली असते. ताबा लांबला तर पुढचे व्याज ग्राहकाच्या माथी. बांधकामाच्या टप्प्यांशी निगडितच कर्जवितरण करावे, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना सप्टेंबर २०१३ मध्ये दिली होती. गृहवित्त कंपन्यांनी अशा योजनांवर कर्जे देऊ नयेत, असे राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने जुलै २०१९ मध्ये सांगितले. तोवर दिल्ली परिसरात असंख्य कुटुंबे न मिळालेल्या घरांचे हप्ते भरत बसली होती, आणि तेथील विकासक व वित्तसंस्थांच्या संगनमताची चौकशी करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२५ मध्ये सीबीआयला द्यावा लागला.

अलीकडे समाजमाध्यमांवर ‘एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) करा, गृहकर्ज व्याजमुक्त करा’ असाही एक हिशेब फिरतो. ५० लाखांच्या कर्जावर वीस वर्षांत सुमारे ५४ लाख व्याज जाते, म्हणून दरमहा सुमारे ५,४०० रुपये गुंतवून १२ टक्के परताव्याने तितकेच उभे करायचे, असा तो सल्ला. त्यात स्वतःचे तेरा लाख घातलेले असतात, १२ टक्क्यांची हमी कोणी देत नाही आणि नफ्यावर कर लागतो, हे तीनही मुद्दे गाळले जातात. तेच ५,४०० रुपये दरमहा हप्त्यासोबत भरले, तर साडेआठ टक्क्यांचे हे कर्ज सव्वापंधरा वर्षांत फिटते आणि साडेचौदा लाखांच्या आसपास व्याज वाचते, तेही बाजाराची जोखीम न घेता. दोन्हींपैकी काय निवडायचे ते ज्याने त्याने ठरवावे. मात्र पहिल्याला व्याजमुक्ती म्हणणे ही दिशाभूल आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक आहे. प्रक्रिया शुल्क, कायदेशीर तपासणी, विमा यांसह कर्जाचा खरा वार्षिक दर त्यात कळतो, आणि ग्राहकांनी ते मागून घ्यावेच. परंतु सदनिकेच्या किमतीत मुरवलेले व्याज या विवरणात येणार नाही, कारण बँकेच्या लेखी ती सदनिकेची किंमतच असते. ही पोकळी बँकांच्या नियमांनी भरून निघणार नाही. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. त्याच अधिकारात योजनेतील किंमत, योजनेशिवायची किंमत आणि व्याज भरण्याची कमाल मुदत हे तीन तपशील मथळ्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती करावी, अशी माझी मागणी आहे. महारेराचा आदेश निघेपर्यंत आपल्या दैनिकाने आपल्या पुरवणीपुरता हा नियम स्वतःच लागू करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
चिंचवड, पुणे