सहा-सात-आठची घाई आता कुणासाठी?

महोदय,

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ज्येष्ठांच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. आठ दिवसांत अख्खं राजस्थान, पंधरा दिवसांत अर्धा युरोप. माझा त्यांच्यावर राग नाही. सौ. आणि मी अशा सहली केल्या आहेत. सोबत चांगली मिळाली, परमुलखात वरणभातही मिळाला. पण सहाला उठा, सातला नाश्ता, आठला गाडीत! उभी हयात सहकारी बँकेत मस्टर गाठण्यात गेली. त्यातून सुटलो म्हणून पेढे वाटले, आणि आता पदरचे पैसे भरून पुन्हा मस्टर? निवृत्तांकडे बाकी काही नसलं तरी वेळ असतो. नेमकी तीच गोष्ट या सहलींत मिळत नाही.

म्हणून आम्ही आता एसटीने हिंडतो. पासष्टी उलटल्याने मला अर्धं तिकीट, सौभाग्यवतींना २०२३ पासून महिला सन्मान योजनेत अर्धं. शेजारच्या अण्णांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. कंडक्टर मशीनमधून काढून देतो ते शून्य रुपयांचं तिकीटसुद्धा अण्णा घडी घालून पाकिटात ठेवतात. जुने ऑडिटर आहेत.

गेल्या हिवाळ्यात नेवाशाला गेलो. पुण्यात वाकडेवाडीहून संभाजीनगरची गाडी धरली, नेवासा फाट्याला उतरलो आणि तिथून जीपने गावात. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैसाचा खांब तिथल्या मंदिरात आहे. सांगणाऱ्याचं वय तेव्हा जेमतेम पंधरा. आम्ही ती साठीनंतर हातात धरली आणि अजून बाराव्या अध्यायाच्या आसपास घोटाळतोय. सकाळभर तिथे बसून राहिलो, कुणी 'चला, चला' म्हटलं नाही. शेजारी एक फेटेवाले आजोबा येऊन टेकले. 'कुठलं म्हणायचं पाव्हणं?' सातारा म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, 'तिकडं कारखाना उसाला काय भाव देतो?' ऊसकर्जांच्या फायली हाताळलेला माणूस मी. तास कसा गेला कळलं नाही. प्रवरेकाठी बसून उसाच्या भावावर बोलणं हे तीर्थाटनात बसतं की नाही, जाणकारांनी ठरवावं. मला दोन्हींचं पुण्य सारखंच वाटलं.

नामदेवांना पंढरपूर सोडायचं नव्हतं, विठ्ठल इथे असताना आणखी कुठे जायचं, असं त्यांचं म्हणणं. ज्ञानदेवांनी आग्रह करून त्यांना यात्रेला नेलं, असं परंपरा सांगते. पुढे तेच नामदेव पंजाबात घुमानला राहिले आणि त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात गेली. आपली अडचण मात्र भक्तीची नसते. म्हातारपणी घर सोडवत नाही याचं कारण गुडघे कमी आणि 'माझ्यामागे घराचं कसं होईल' हा समज जास्त. नेवाशाहून पुढे पैठण करून आठवडाभराने परतलो, तर सूनबाईंनी स्वयंपाकघरातला फ्रीज उचलून समोरच्या भिंतीला लावला होता. मी वीस वर्षं त्या फ्रीजला दुसरी जागाच नाही म्हणत होतो. जागा उत्तम होती, दारही आता पूर्ण उघडतं. वानप्रस्थाची इतकी स्वस्त शिकवणी दुसरीकडे मिळणार नाही.

आता तक्रार. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून एसटी गावोगावी पोचली. पण बऱ्याच स्थानकांवरची स्वच्छतागृहं अशी आहेत की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मधुमेही माणसाने काय करावं? सवलतीने ज्येष्ठ गाडीत चढले, पण गाडी लागेपर्यंत त्यांनी टेकायचं कुठे, हे कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

आणि रेल्वे. साठीच्या पुरुषांना ४० टक्के, अठ्ठावन्नच्या पुढच्या महिलांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनाचं कारण सांगून ती थांबवली. गाड्या सुरू झाल्या, गर्दी परतली, सवलत तेवढी परतली नाही. ईपीएस-९५ या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयांवर थांबली आहे. त्यावर भागवायची वेळ माझ्यावर आली नाही, पण बरोबरीच्या कितीतरी जणांवर आली आहे. त्यांनी पंढरपूर-काशी तर सोडाच, लेकीच्या गावाला तरी कशाने जावं? सगळ्या डब्यांत देणं जमत नसेल तर निदान स्लीपरमध्ये ती सवलत पुन्हा सुरू करावी. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा